माइक माझ्या हातात होता

दीड वर्षात माझ्या शरीरातलं बहुतेक सगळं तपासून झालं. रक्त झालं, लघवी झाली, छातीचा आलेख निघाला, गुडघ्यांचे फोटो निघाले, दोन्ही डोळ्यांत थेंब पडले. प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडच्या माणसाने मान वर न करता एकच प्रश्न विचारला, "बाकी बरं आहे ना, गुरुजी?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. एखादा नवा शिक्षक वर्गात "समजलं ना?" असं विचारायचा, तेव्हा मी त्याला नंतर बाजूला घेऊन सांगायचो की बाबा रे, हा प्रश्न नाही. ह्याचं उत्तर तू आधीच भरून ठेवलं आहेस, पोरांना फक्त मान डोलवायची आहे. "बरं आहे ना?" हाही तसलाच. मी मान डोलवत राहिलो आणि आतून सरत गेलो.

आता मी बरा आहे. म्हणजे बराच बरा आहे, गोळी चालू आहे. हे लिहायला वेळ लागतो, एका बैठकीत अर्धं पान होतं आणि त्यातलंही निम्मं खोडलं जातं. तरी लिहितो आहे, कारण मला राग आला आहे आणि तो गिळायची माझी इच्छा नाही.

*

माझी बायको शकुंतला पोटाच्या दुखण्याने गेली.

आमचं गाव डोंगरकड्याच्या बाजूचं, केळी आणि हळदीचं. हळद शिजून अंगणात वाळत पडली की संध्याकाळी शकुंतला हळकुंडं निवडायला बसायची आणि मी शेजारी खुर्ची टाकून मोठ्याने वाचायचो. तिला वाचता येत होतं, सातवी झाली होती. पण ती म्हणायची, "तुमी वाचा. माझे हात गुतलेत." मध्येच थांबवायची. "ह्या बाईला एवढं कळंना काहून? मी असते तर कवाच निघून गेले असते." कादंबऱ्यांतल्या बायकांना तिने दिलेले सल्ले गोळा केले तर वेगळी कादंबरी होईल. हळदीचे दिवस सरले की ती तूर निवडायची, तूर सरली की काहीतरी उसवून पुन्हा शिवायची. हात गुंतवून बसायची, म्हणजे मी वाचावं. हे मला ती गेल्यावर कळलं.

तेराव्यानंतर गोड जेवण झालं. आमच्याकडे दुखवटा काढायची रीत आहे. सोयरे नवे कपडे आणतात, टॉवेल-टोपी घालतात, कपाळाला गंध लावतात, आणि त्या दिवसापासून घराचं दुःख संपलं असं धरतात. माझ्या मेहुण्याने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाला, "दाजी, आता झालं. पोराकडं बघा." तो स्वतः रडत होता, तिचा पाठचा भाऊ. पण रीत म्हणजे रीत. त्या रीतीवर माझा राग नाही. रान पडून राहतं, जनावरं उपाशी ठेवता येत नाहीत, माणसाला किती दिवस बसता येतं? राग ह्याचा आहे की टोपी ठेवून झाल्यावर तिच्याखालच्या डोक्यात काय चाललं आहे, हे बघायला कुणी परत आलं नाही.

*

लोकांना वाटतं, उदास माणूस रडतो. मी रडत नव्हतो. रडू आलं असतं तर कुणाला तरी कळलं असतं.

मनीषा, माझी सून, ठेचा वाटायची. तो खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, जिभेला काही कळायचं नाही. पहाटे फार लवकर जाग यायची आणि पुढचा दिवस नांगरलेल्या रानासारखा समोर पसरलेला असायचा, ढेकळाढेकळातून पार करायचा. अंघोळ हे एक काम वाटायचं. पाराकडे जाणं सुटलं. कुणी घरी आलं तर त्याचं बोलणं संपायची वाट बघायचो आणि तो गेला की आपण एवढे वाईट कसे झालो ह्याचा विचार करत बसायचो.

ह्या सगळ्याला गावाने एक शब्द दिला. शांत. "गुरुजी किती शांत झालेत आता." "बायको गेली पन तोंडातून शब्द न्हाई. मानूस असावं तर असं." माझ्या आजाराचं गावात कौतुक चाललं होतं.

एकट्या कोंडबाला ते आवडलं नव्हतं. कोंडबा माझा पहिलीपासूनचा सोबती. चौथीनंतर तो मेंढरांमागे गेला आणि मी पुस्तकांमागे. साऱ्या गावाची थट्टा करण्याचं काम त्याच्याकडे आपसूक आलेलं. आदल्याच वर्षी त्याच्या पोरांनी मेंढरं विकली, राखायला माणूस मिळेना म्हणून. तेव्हापासून त्याची थट्टा आणखी वाढली होती. तो म्हणाला, "मास्तर, तू लई सरळ झालास. तुझी बोलनी खाल्ल्याबिगर मला भाकर गोड लागंना." मी हसल्यासारखं केलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि निघून गेला.

माझा मुलगा अविनाश कृषी केंद्र चालवतो. तो जेवताना म्हणायचा, "बाबा, तुमाला काय कमी हाय सांगा बरं. घर हाय, पेन्शन हाय, नातू हाय." मला काहीही कमी नव्हतं. तेच तर भयंकर होतं. ह्या वाक्यानंतर तोंड उघडायला जागाच उरत नाही. घरोघरी म्हाताऱ्यांना हे वाक्य ऐकवलं जातं, आणि ऐकवणाऱ्याला वाटतं की आपण धीर देतो आहोत.

*

सगळ्यात वाईट झालं ते वाचनाचं. पुस्तक उघडायचो. ओळ दिसायची, शब्द दिसायचा. पुढच्या शब्दावर गेलो की मागचा पुसलेला. मी अविनाशला म्हणालो, "मला वाचवत नाही." त्याने ते ऐकलं आणि मला नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, "अक्षर पुसट दिसतं का?"

मी म्हणालो, "दिसतं नीट. पण आत जात नाही."

ते हसले. "मोतीबिंदू पिकलाय, गुरुजी. काढला की सगळं आत जाईल."

मोतीबिंदू होता, हे खरं. ऑपरेशन चांगलं झालं, हेही खरं. पट्टी निघाली, वाचायची मनाई संपली, तेव्हा अविनाशने हौसेने कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. अक्षरं काळीभोर, दगडात कोरल्यासारखी. अनुस्वारसुद्धा डोळ्यांत टोचत होते. मी पहिलं पान वाचलं. काहीही आत गेलं नाही.

"दिसतंय ना, बाबा?"

"दिसतंय."

तोवर मला निदान एक समजूत होती, की डोळे गेलेत म्हणून असं होतंय. ती समजूत त्या सकाळी गेली. मग मला वाटू लागलं की वाचणारा माणूस आधीच गेलेला आहे आणि मागे जे उरलं आहे त्याला घरादाराने विनाकारण सांभाळायचं आहे. जगू नये असं वाटू लागलं. हे वाक्य साधंच लिहितो, कारण ते मनात साधंच यायचं. दूध आणायचं आहे, असं यावं तसं.

*

त्याच दिवसांत गावात साठीपुढच्यांसाठी तपासणी शिबिर आलं. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंजी, दोन टेबलं, दाबाचं यंत्र. पथकाबरोबर एक तरुण मॅडम होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातल्या. ह्या वेळी मनाचीही तपासणी होती. उदासीनतेचा आजार आहे का हे कळावं म्हणून छापील प्रश्न होते, उत्तर हो किंवा नाही. एकेकाला बाजूला घेऊन विचारायचे, असं मॅडमना शिकवलेलं होतं. त्या तसं म्हणाल्याही.

पण रांग देवळाबाहेर गेली होती आणि ऊन चढत होतं. सरपंच म्हणाले, "म्याडम, असं एकेकाला इचारत बसाल तर दिवाळी उजाडंल. समद्याइला एकदाच इचारून टाका. ज्याचं व्हय असंल त्यो हात वर करंल."

"पण सर, हे खाजगी प्रश्न आहेत."

"गावात काय खाजगी असतं, म्याडम? कुनाच्या घरी काय कालवन झालं ते बी समद्याइला ठाव असतं."

मॅडमनी उभं राहून पहिला प्रश्न वाचला. मराठी छापील होतं. म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. तेवढ्यात सरपंचांना मी दिसलो. "आपले गुरुजी हायेत की. गुरुजी, तुमी सांगा समजून. माइक द्या रे त्यायला."

आमच्या गावात गुरुजी कधी रांगेत नसतात. झेंडावंदन असो, लग्नातली मंगलाष्टकं असोत, ग्रामसभेचं वाचन असो, गुरुजींना टेबलाच्या त्या बाजूला बोलावतात. तो मान आहे, आणि मी तो जन्मभर घेतला. त्या दिवशी मी रांगेत उभा होतो. माझी पाळी जवळ आली होती. बाजूला नेऊन त्या पोरीने हळू आवाजात विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, हे मला माहीत नाही. पण बोलायची एक जागा तरी होती. मानाने मला त्या जागेवरून उचललं आणि हातात माइक दिला.

मी प्रश्न आमच्या बोलीत सांगू लागलो.

"पहिल्यासारखी कशाची हौस राहिली न्हाई, असं वाटतं का?"

माझं उत्तर हो होतं. मंडपात एकही हात नाही.

"बाहेर जान्यापरीस घरातच पडून राहावं वाटतं का?"

कोंडबा मागून म्हणाला, "वाटतं की. पन सून पडू देत न्हाई." मंडप हसला. त्याच्या सुनेने पदर तोंडाला लावला. माझं उत्तर हो होतं.

"आपला आता कुनाला उपेग न्हाई, असं वाटतं का?"

बायकांच्या बाजूला एका म्हातारीचा हात थोडासा उचलला गेला. शेजारी बसलेल्या जावेने तो धरून खाली केला आणि म्हणाली, "आमच्या बाईला वाटलं परसाद वाटायलेत." पुन्हा हशा. माझं उत्तर हो होतं.

शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा होता. तो मला बोलीत सांगता आला नाही. छापला होता तसाच वाचला. माइकमधून तो देवळाच्या कळसावरच्या भोंग्यात गेला आणि सगळ्या गावभर ऐकू आला.

सरपंच म्हणाले, "देवळात हे काहून इचारायचं?"

आणि कोंडबा म्हणाला, "वाटून काय उपेग? यमाला आपल्या गावाला येता येईना, रस्ता खराब हाय." ह्यावर इतके लोक हसले की सरपंचांनाही हसावं लागलं, विषय रस्त्याचा असूनही.

एकही हात वर झाला नाही. सरपंचांनी टाळी वाजवली. "बघा म्याडम, आपल्या गावात एक बी दुःखी न्हाई." मग फोटो निघाला. त्यात मी मधोमध आहे, माइकसकट.

सगळे पांगल्यावर मॅडमच्या लक्षात आलं. "सर, तुमचीच तपासणी राहिली." त्यांनी दाब घेतला, बोट टोचलं. मग प्रश्नांच्या कागदावर पेन टेकवून म्हणाल्या, "तुमचं सगळं नाहीच ना, सर?"

त्या सकाळपासून उभ्या होत्या, जेवल्याही नव्हत्या. मी मान डोलवली.

माझा राग त्या पोरीवर नाही, असं वाक्य मी बरेच दिवस लिहितो आणि खोडतो आहे. खरं सांगायचं तर थोडा आहे. त्याहून जास्त सरपंचांवर आहे, त्याहून जास्त त्या हशावर. आणि सगळ्यात जास्त राग ह्या गोष्टीचा आहे, की लघवी तपासायची तर आडोसा लागतो हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि मन तपासायला मात्र माइक चालतो.

*

मनीषा त्या दिवशी बायकांच्या बाजूला बसली होती. घरी येऊन ती स्वयंपाकाला लागली.

काही दिवसांनी सकाळी मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. तिने चहा ठेवला आणि तिथेच खाली बसली. असं ती कधी करत नसे.

"मामा, पेपरात काय आलंय?"

"काही नाही. नेहमीचंच."

"तारीख बघा जरा."

बघितली. पेपर शिळा होता, चांगलाच शिळा.

"मी मुद्दाम ठेवला," ती म्हणाली. "तीन-चार दिस झाले, तोच ठेवून राहिले. तुमी रोज उलगडून बसता अन् रोज घडी घालून ठेवता."

मी पेपराची घडी घातली.

"पहिले एक शब्द चुकला तर घर डोक्यावर घेत होतात. आत्या म्हनायच्या, पेपरवाल्यापरीस ह्यायलाच तकलीफ जास्त." ती अंगणाकडे, सासूच्या जागेकडे बघत बोलत होती. "देवळात तुमी शेवटचं वाचलं अन् मंग कुनाकडंच बघितलं न्हाई. तवाच मला कसंतरी झालं. पन तुमाला इचारावं कसं? म्हनून पेपर ठेवला."

सासऱ्याला असलं काही विचारण्याची सुनेला आमच्याकडे सोय नाही. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि तरीही विचारलं. "मामा, ते शेवटचं. तुमाला वाटतं का?"

तिच्या प्रश्नाच्या शेवटी 'ना' नव्हतं. चहावर साय धरली. आत नातू आई आई करत होता, तरी ती उठली नाही.

"वाटतं," मी म्हणालो.

ती रडली नाही. मला समजावलंही नाही. मला काय कमी आहे हे तर अजिबात सांगितलं नाही. म्हणाली, "बराबर. मी ह्यायला सांगते. तवर तुमी एकटं रानात जायचं न्हाई. माझ्यापाशी बसायचं, हळद निवडू लागायचं."

मी दिवसभर तिच्याजवळ बसून हळकुंडं निवडली. शकुंतलेचं सूप होतं.

*

अविनाशला सांगितलं तेव्हा तो चिडला. "गुडघे दाखवले, डोळे केले. आता येड्याच्या डॉक्टरकडं नेऊ? दुकानावर लोक काय म्हनतील?"

मनीषा भाकरी थापताना म्हणाली, "डोळे दाखवायला नेलं म्हना."

तसंच ठरलं. पुढे किती तरी महिने गावाला मी डोळ्यांसाठीच हिंगोलीला जात होतो. लोक अविनाशला म्हणायचे, डॉक्टर बदला, एवढा टाइम लागतो व्हय डोळ्याला?

पहिल्यांदा गेलो तेव्हा कळमनुरीच्या पुढे त्याने चहाला गाडी थांबवली. ग्लास हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई गेल्यापासून मला बी झोप न्हाई, बाबा. पन सकाळी शटर उघडावं लागतं." त्याने हे मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. आम्ही एकाच घरात राहत होतो, एकाच पातेल्यातली भाजी वाढून घेत होतो.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या खोलीबाहेर आम्ही बाकावर बसलो. अविनाशने रुमाल तोंडाला बांधला होता, कुणी ओळखू नये म्हणून. आत गेल्यावर तोच बोलू लागला. "मॅडम, बाबाला झोप न्हाई, जेवन न्हाई, बाकी काई..."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी मुलगा हाय त्यांचा."

"हो, म्हणूनच."

तो गेला. बाईंनी उठून दार लोटलं. माझ्या आजारावरचा पहिला उपचार ते लोटलेलं दार होतं.

त्यांनी विचारलेले प्रश्न बरेचसे तेच होते. मला पाठ होते. एक झाला की पुढचा कोणता येणार हे मला कळत होतं. पण प्रत्येकानंतर त्या थांबत होत्या. पंख्याचा आवाज यायचा, बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जायचं, आणि त्या थांबलेल्याच असायच्या. मी हो म्हणत गेलो. शेवटचा आला तेव्हा म्हणालो, "बाई, हा मी माइकवर वाचलाय." आणि सगळं सांगितलं. सरपंच, प्रसाद, यम, खराब रस्ता. बाई हसल्या नाहीत. मलाच हसू आलं, कोंडबाचं. हसता हसता रडू आलं. शकुंतला गेल्यापासून पहिलं.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "हा आजार आहे, गुरुजी. वय नाही, स्वभाव नाही. ह्याला औषध आहे."

मी विचारलं, "मग मला एवढे दिवस कुणी का नाही विचारलं?"

बाईंनी चिठ्ठी पुढे ओढली. गोळ्या लिहून दिल्या. घरातली सगळी औषधं सुनेकडे ठेवा म्हणाल्या, मला एकटं ठेवू नका असं अविनाशला बोलावून सांगितलं.

*

गोळ्यांनी जादू होत नाही. सुरुवातीला नुसतं तोंड कोरडं पडलं आणि पोट ढवळलं. अविनाश रोज विचारायचा, "फरक पडला का?" शेवटी मनीषाने त्याला सांगितलं, "बियाणं टाकल्यावर रोज उकरून बघता का?" ठरलेल्या वारी दवाखान्यात जायचं, बाकावर बसायचं, बाईंशी बोलायचं. एकदा मध्येच वाटलं की काही उपयोग नाही, सोडून द्यावं. बाईंनी गोळीचं प्रमाण बदललं. घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. मनीषा हळकुंडांचं सूप पुढे सरकवून निघून गेली.

मग एकदा हिंगोलीच्या बसस्थानकाबाहेर पोह्यांच्या गाड्यावर उभा होतो. गाड्यावरचा फलक वाचला. एवढ्याशा फलकात इतक्या चुका होत्या की माझं डोकं फिरलं. मी गाडेवाल्याला सुनावलं. तो म्हणाला, "बाबा, पोहे खाऊन बघा. पोह्यात चूक हाय का सांगा." खाल्ले. खारट होते. तेही त्याला सांगितलं. तो लिंबू पिळायला लागला आणि मी तिथेच थांबलो. पोहे खारट लागले होते. फलक वाचला होता आणि तो लक्षात राहिला होता. आणि मला राग आला होता.

आजारात मला राग येत नव्हता. शकुंतलेच्या मरणाचा नाही, कुणाच्या हसण्याचा नाही, कशाचाच नाही. म्हणूनच मी गावाला शांत दिसत होतो. त्यामुळे हे वाचून कुणाला वाटलं की गुरुजी फार चिडून लिहितात, तर वाटू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून बातमीदाराच्या नावाने ओरडलो, तेव्हा स्वयंपाकघरातून मनीषा म्हणाली, "आजचाच हाय, मामा." तिचा आवाज मला ओला वाटला.

ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना एवढंच सांगतो. त्याची साखर तपासा, दाब तपासा, पण एकदा त्याला एकट्याला गाठा. चार माणसांत नको, मुलांसमोर नको. विचारा आणि गप्प बसा. चहा थंड होऊ द्या. उत्तर हो आलं तर घाबरून जाऊ नका, त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरकडे न्या. आणि तो शांत झाला आहे म्हणून देवाचे आभार मानू नका.

*

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर आलं. तोच मंडप, मॅडमही त्याच. मी आधीच त्यांना जाऊन भेटलो आणि माझं खरं उत्तर सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, वेगळी खोली मिळेल का? मग आम्ही दोघांनी देवळाला लागून असलेली भजनी मंडळाची खोली झाडून घेतली. पखवाज आणि पेटी एका कोपऱ्यात सरकवली, दोन खुर्च्या ठेवल्या.

सरपंच म्हणाले, "गुरुजी, मागल्यासारखं आटपून टाका." आणि माइक दिला.

मी तो घेतला. अविनाश दुकान बंद करून आला होता, मागे खांबाला टेकून उभा होता. गावाला सांगू का, असं त्याला मी आधी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "सांगा. लोक काय, बियाणं न्यायला येतीलच."

"मागच्या वर्षी ह्याच माइकवरून मी प्रश्न वाचले," मी म्हणालो. "एकही हात वर झाला नाही. माझ्या हातात माइक होता, म्हणून माझाही झाला नाही. माझं उत्तर हो होतं. शेवटच्या प्रश्नालासुद्धा. मी हिंगोलीला डोळ्यांसाठी जात नव्हतो."

कुणी हसलं नाही. दर्शनाला आलेल्या कुणीतरी घंटा वाजवली आणि मागे बघून हात आवरला.

"आज प्रश्न त्या खोलीत विचारतील. एकेकाला. लेक, सून, जाऊ, कुणीही संगं जायचं नाही." मी माइक बंद करून टेबलावर ठेवला आणि खोलीच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसलो.

सरपंच जवळ आले. "गुरुजी, गावाची इज्जत..."

"तुमची साठी झाली ना, सरपंच? रांगेत या."

ते काहीतरी पुटपुटत टेबलाकडे गेले.

पहिली आली ती मागच्या वर्षी हात खाली ओढला गेलेली म्हातारी. मागून जाऊ निघाली. "आमी जावा-जावा हाव, गुरुजी. आमचं काय लपून हाय?"

"एकेक," मी म्हणालो.

दार लागलं. खूप वेळ उघडलं नाही. रांगेत कुरकुर सुरू झाली. म्हातारी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते. जावेकडे न बघता ती चपला घालून घराकडे चालू लागली, आणि जाऊ मुकाट्याने तिच्या मागून गेली.

कोंडबा मघापासून खांबामागे उभा होता. इतकी माणसं जमली होती आणि त्याने एकही थट्टा केली नव्हती. तो हळूहळू माझ्याजवळ आला.

"मास्तर."

"हं."

"आत तेच इचारायलेत का? मागलंच?"

"तेच."

त्याने डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला, पुन्हा काढला, हातात धरला. "मेंढरं गेली तवापासून..." तो म्हणाला आणि थांबला. मीही थांबलो. मंडपात कुणाचा तरी दाब मोठ्याने सांगितला गेला.

"मास्तर, मागलं माझं उत्तर खोडता येतं का?"

"येतं," मी म्हणालो, आणि बाकावर सरकून त्याला जागा केली.